शंकरप्पाच्या गाठी

हे कुणाला सांगून पटणार नाही, आणि पटावं असा आग्रहही नाही. पण साखर पेठेतल्या शंकरप्पानं एका सकाळी, लख्ख उजेडात, चहा आणि जेवण यांच्या मधल्या वेळात, आपल्या पोटच्या पोराला सुती दोऱ्यानं बुजवून टाकलं. डोक्यापासून पायापर्यंत. पोरगं त्या वेळी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर निळा शर्ट घालून ट्रकांचे नंबर बघत उभं होतं. त्याला पत्ता नाही. शंकरप्पालाही पत्ता नाही. उलट काम संपल्यावर त्यानं दोन्ही हात झटकले आणि आपल्याशीच म्हणाला, "झ्याक झालं."

आता हे कसं घडलं ते रीतसर सांगायला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील शंकरप्पाची हवा लागली. कारण थापा मारण्यात पेठेत त्याचा हात धरणारा नव्हता.

त्याचा धंदा वहीफणीचा. म्हणजे मागावरचा ताणा संपत आला की जुन्या ताण्याचं एकेक टोक नव्या ताण्याच्या एकेका टोकाला जोडायचं. एका मागाला हजारो टोकं. माणूस मागाखाली मांडी घालून बसतो, बोटाला चिमूटभर राख लावतो आणि जोडत सुटतो. शंकरप्पाची गाठ अशी, की वरून मुंगी चालत गेली तरी तिला ठेच लागू नये. हे खरं होतं, सगळे मानत. पण शंकरप्पाचं खऱ्यावर भागत नसे.

"कुर्डुवाडीला पुण्याच्या गाडीचा मागचा डबा सुटला," तो पारावर बसून सांगायचा. "गार्ड रडाय लागला. मी खाली उतरलो, धोतराचा काठ फाडला, मारली गाठ. डबा दौंडापत्तर गेला."

"आणि अज्जा, दौंडला ती गाठ सोडवली कुणी?" पोरं विचारायची.

"सोडवतंय कोण? अजून तशीच हाय. जाऊन बघ की."

पुढं गाठी मारायचं यंत्र आलं आणि शंकरप्पाचे हात रिकामे झाले. त्यानंतर काही वर्षांनी तो लेकीकडं अक्कलकोटला गेलेला असताना मुलानं, सोमशेखरनं, घरातले माग भंगारात घातले. शेवटच्या मागावर चादर अर्धी विणलेली होती. भंगारवाल्याच्या माणसांना घाई होती, त्यांनी ब्लेड काढलं आणि भरलेला ताणा सरळ उभा कापला. शंकरप्पा परत आला तेव्हा शेडमध्ये फरशीवर नटबोल्टांची भोकं तेवढी उरली होती. ताणा कापला हे तर त्याला कुणी सांगितलंच नाही. ताणा कापला त्या दिवशी शेडच्या दारात शाळेचं दप्तर पाठीला लावून एकच जण हे बघत उभी होती. सोमशेखरची मुलगी, सिद्धेश्वरी.

ती आता चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिला पुढं शिकायला बडोद्याला जायचं होतं. तिच्या आईनं, शरणम्मानं, टॉवेलला काठ शिवता शिवता मान वर न करता निकाल देऊन टाकला होता. "ह्या परीक्षेत पहिला वर्ग आला तर जा, मी अडवणार न्हाय. न्हाय आला तर हितं माझ्या बाजूला मशीनवर बस. दोन्हीकडं दोराच हाय."

तर परीक्षेच्या दिवशी शंकरप्पा नातीचा डबा घेऊन रिक्षानं कॉलेजात गेला. वरच्या मजल्यावरची एक खोली तिला दिलेली होती. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, ट्यूबलाइट चालू, आणि खोलीच्या मधोमध आढ्यापासून फरशीपर्यंत पांढरे दोरे. म्हणजे वरून खाली येणारे दोरे, पण खाली पोचलेला एकही नाही. प्रत्येक दोरा मध्येच कापलेला. वरचं टोक हवेत लोंबतंय, खालचं फरशीवरच्या फळीला खिळवलेलं आणि गुंतवळासारखं पडलेलं. कुठला दोरा गुडघ्याइतका, कुठला डोक्यावर. ताळमेळ नाही.

सिद्धेश्वरी कोपऱ्यात खुर्चीवर चढून होल्डरमधला बल्ब काढत होती. तिचा चेहरा रडवेला.

"काय झालं गं, सिद्दव्वा?"

"बल्ब गेला, अज्जा. आत तार दिसते तसला जुना बल्ब पाहिजे. एलईडीनं होत नाही, सावली पुसट पडते. परीक्षक बाराला येणारेत."

"आणि हे?" त्यानं दोऱ्यांकडं बोट केलं.

"ते दिवा लागल्यावर कळंल तुमाला. आत्ता काही विचारू नका." तिनं मैत्रिणीच्या स्कूटीची किल्ली उचलली. "अज्जा, तुमी हितंच बसा. कुणाला आत येऊ देऊ नका. कुणालाही हात लावू देऊ नका. दोन महिने झाले करतीय मी हे."

"माझी मान कापली तरी न्हाय," शंकरप्पा म्हणाला आणि दारात खुर्ची टाकून बसला.

आणि खरंच, त्यानं कुणालाही हात लावू दिला नाही. धुळाप्पा शिपाई झाडू घेऊन आला, त्याला बाहेरच्या बाहेर काढला. धुळाप्पा म्हणाला, "आज्जा, मी हितं बावीस वर्षं झाडतोय." शंकरप्पा म्हणाला, "मग आज एक दिवस इसावा घे की." एक कबूतर व्हरांड्यातून आत डोकवायला लागलं, त्याला डब्याचं झाकण वाजवून पिटाळलं. सिद्धेश्वरीचे शिक्षक इंद्रजीत सर आले, तेही उंबऱ्याबाहेर. सर हसले. "आजोबा, मीच शिकवतो तिला. मी रोज बघतो हे."

"मग आज नका बघू. रोज बघून काय फरक पडलाय?"

सर हसतच गेले. शंकरप्पा खोलीत एकटा राहिला. तो आणि ती तुटकी टोकं.

आता हे ज्यानं वहीफणी केली नाही त्याला समजायचं नाही. त्या धंद्यात एक रीत होती. तुटलेलं टोक दिसलं की आधी जोडायचं, मग विचारायचं माग कुणाचा. शेजाऱ्याच्या शेडमधून जाता जातासुद्धा, भांडण असलं तरी, वाकून टोक जोडायचं आणि मग तोंड वाकडं करून पुढं जायचं. लहानपणी शंकरप्पा एकदा तुटक्या टोकाला ओलांडून गेला होता, तर उस्तादानं त्याला दिवसभर पाणी पिऊ दिलं नव्हतं. त्या माणसापुढं एवढी टोकं लोंबत होती. शंकरप्पानं खुर्ची फिरवून दोऱ्यांकडं पाठ केली. मानेला मुंग्या आल्या. हात मांडीखाली घेऊन बसला. मांडीखाली बोटं वळवळायला लागली.

शेवटी तो उठला, नुसतं बघायला. जवळ गेल्यावर त्याला वाटलं, पोरीनं दोन महिने ताणा लावला आणि तो तिच्या हातात टिकला नाही. एकेक करत सगळा तुटला. तुटणारच, पाजणी कुठं केलीय, खळ कुठं लावलीय दोऱ्याला. घरात बोलली नाही, लाजली असेल. वहीफणीवाल्याची नात आणि ताणा तुटला, कुठल्या तोंडानं सांगणार? आता बल्बाच्या निमित्तानं बाहेर रडत फिरत असेल. बाराला ते लोक येणार आणि तुटका माल बघून तिला मशीनवर बसवणार.

"आसं कसं हुईल," शंकरप्पा म्हणाला. आणि त्यानं धोतर सावरून फळीपाशी मांडी घातली.

राख नव्हती. फळ्याखालच्या पट्टीवर खडूची पूड साचली होती, ती बोटाला लावली. पहिलं टोक उचललं. बोटांनी त्याला विचारलंसुद्धा नाही. वरचं आणि खालचं एकमेकांवर आलं, वळलं, गाठ बसली, दोरा ताठ. दुसरा. तिसरा. उंचावरच्या टोकांना उठून उभा राहिला. जिथं दोरा अपुरा पडला तिथं कोपऱ्यातल्या सुताच्या कोनवरून वीतभर घेऊन मध्ये घातला. यंत्र आल्यापासून इतकी वर्षं ती बोटं देवापुढं उदबत्ती लावत होती, बिडीची राख झटकत होती, आणि आज त्यांना त्यांचं काम मिळालं होतं. लोक म्हणतात त्या सकाळी कॉलेजच्या खालच्या मजल्यावर माग चालल्यासारखा खडखडाट ऐकू आला. एवढं काही झालं नसेल. पण शंकरप्पा कानडीत गुणगुणत होता हे धुळाप्पानं व्हरांड्यातून ऐकलं, आणि त्या गाण्यात शब्द नव्हते.

तिकडं सिद्धेश्वरीला बल्ब मिळेना. नवी पेठेत नाही, बाळीवेशीत नाही. सगळीकडं पांढरे प्लास्टिकचे दिवे. शेवटी एका जुन्या दुकानदारानं माळ्यावरून धूळ झटकत एक काढला आणि पेटवून दाखवला, तेव्हा बारा वाजत आले होते.

ती धापा टाकत वर आली. शंकरप्पा दाराशी खुर्चीवर बसला होता, छाती पुढं काढून. शेवटची गाठ मारून त्याला फार वेळ झाला नव्हता.

"कुणाला हात लावू दिला न्हाय," तो म्हणाला.

ती थेट कोपऱ्यात गेली, खुर्चीवर चढली, बल्ब बसवला. दोऱ्यांकडं तिनं नीट बघितलंच नाही. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला होता, इंद्रजीत सरांचं "या मॅडम, या" ऐकू येत होतं. तिनं ट्यूब बंद केली आणि बल्बाचं बटण दाबलं.

समोरच्या भिंतीवर रेघा उमटल्या. वरपासून खालपर्यंत, सरळ, एकीसारखी दुसरी. रेघी कापडाचं ठाण उलगडून धरावं तशा. बाकी काही नाही.

सिद्धेश्वरी खुर्चीवरच उभी राहिली. मग उतरली आणि एका दोऱ्याला तिनं बोट लावलं. दोरा तारेसारखा वाजला.

"बघ की," शंकरप्पा म्हणाला. "एक बी सुटायचा न्हाय आता. म्हैस बांधलीस तरी."

"अज्जा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "हितं माझे अप्पा होते."

"कुटं?"

तिनं मोबाइल काढून कालचा फोटो त्याच्यापुढं धरला. तीच खोली, तीच भिंत, तोच दिवा. पण दोरे मध्येच थांबलेले, आणि जिथं जिथं ते थांबत होते ती टोकं मिळून भिंतीवर एक रेघ झाली होती. टाळू, मान, मग पाठीचा बाक, मग पुढं झुकलेला खांदा. रेघेच्या खाली सगळा उजेड. उजेडाचा माणूस, मागावर वाकून टोक शोधणारा. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. सोमशेखर लहानपणी शेडच्या पत्र्यावरून पडला होता तेव्हापासून तो खांदा तसाच होता. शंकरप्पानंच त्याला पाठुंगळी घेऊन हाडवैद्याकडं नेला होता.

शंकरप्पानं फोटो बघितला. भिंत बघितली. पुन्हा फोटो बघितला.

"म्हंजे हे तुटलं न्हवतं," तो म्हणाला.

"मी कापलं होतं. एकेक. तसंच कापलं होतं त्यांनी."

"कुणी?"

तिनं मोबाइल खाली घेतला. पण ब्लेड घेऊन पोरीनं ताणा का कापावा, आणि त्या कापलेल्या जागी बापाला का उभा करावा, हे शंकरप्पाला एवढ्या वर्षांनी, कुणी न सांगता, त्या भिंतीसमोर कळलं. तो अक्कलकोटला गेला तेव्हा शेवटचा माग भरलेला होता. भरलेलाच कापला असेल तो.

त्यानं झटकन एक गाठ धरली. सोडवायला गेला. ती आणखी घट्ट झाली. दुसरी धरली. नख घातलं, दात लावला. गाठ म्हणजे काय, तर ओढ पडली की आवळायची. तशीच तर तो आयुष्यभर मारत आला होता. सोडवायचं कुणी शिकवलं नव्हतं, कधी लागलंच नव्हतं. "कात्री दे," तो म्हणाला. "परत कापू की. कात्री दे, पोरी."

"कुठं कापणार? कुठलं टोक कुठवर होतं, कसं कळणार? ओढून ताणलंय तुमी सगळं." ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती ओरडत नव्हती. ती पेठेतल्या बाया वीज गेल्यावर मागापाशी बसून राहतात तशी उभी होती.

जिन्यावरची पावलं दाराशी आली.

सुकन्या मॅडम पुण्याहून आल्या होत्या. खादीची साडी, चष्मा गळ्यात, हातात गुणांचा कागद. मागं इंद्रजीत सर. सरांनी भिंतीकडं पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग शंकरप्पाच्या खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांकडं पाहिलं आणि मिटलं. परीक्षकापुढं शिक्षकानं बोलायचं नसतं, असा नियम होता. ते भिंतीला टेकून आपल्या बुटांकडं बघत राहिले.

मॅडम दोऱ्यांभोवती एक फेरी मारून आल्या. "नीट ताणलंय," त्या म्हणाल्या. "पण यात विद्यार्थिनीचं काय आहे? असे सरळ दोरे तर कारखान्यातही दिसतात. सांग बरं, सिद्धेश्वरी."

सिद्धेश्वरी एका दोऱ्यावरून बोट फिरवत राहिली. मॅडम थांबल्या, थोडं जास्तच थांबल्या, मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कागदावर काहीतरी लिहायला पेन टेकवलं.

आणि शंकरप्पा बोलायला लागला.

"बाई, ती न्हाय बोलायची. तसं ठरलंय आमचं. हे सगळं तिचंच डोकं. मला म्हणाली, अज्जा, मी आधी तोडते. सगळं तोडते. आणि परीक्षेच्या दिशी तुमी येऊन जोडायचं. माणसानं तोडलेलं माणसानंच जोडायचं, म्हणाली. म्हणून मी आज सकाळधरनं हितं बसलोय."

मॅडमनी पेन उचललं. "म्हणजे या सगळ्या गाठी आहेत?"

"हात लावून बघा की. दिसायच्या न्हाईत."

त्यांनी एका दोऱ्यावरून बोट फिरवलं. कुठं तरी थांबल्या, पुन्हा फिरवलं. "अरे," त्या म्हणाल्या. "खरंच की. हे तुम्ही केलंत? आज?"

"व्हय. आमचा धंदाच त्यो. हे बघा." त्यानं कोनवरचा दोरा तोडला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर जोडला. मॅडमनी गाठ शोधायला दोरा उजेडाकडं नेला आणि हसल्या. इंद्रजीत सरांनी बुटांवरून नजर वर घेतली.

पेठेत कुणी त्याचं एक वाक्य धड ऐकून घेत नसे. दौंडची गाठ म्हटलं की पोरं हसायची. आणि इथं पुण्याची शिकलेली बाई मान हलवत होती, लिहून घेत होती. शंकरप्पाला जोर चढला. नातीकडं न बघता तो सांगत सुटला. कापलेला ताणा तिनं लहानपणी बघितला होता म्हणून हे सुचलं. हा दोरा त्याच मागावरचा, जपून ठेवलेला. सोमशेखर काल इथं येऊन बसला होता, ह्या फळीपाशी, आणि डोळे पुसत होता. इतकं सांगून थांबायला हवं होतं. पण थाप म्हणजे उतारावरची हातगाडी.

"आणि आता पोरगं नोकरी सोडणार हाय, बाई. हे बघून त्याला हुरूप आला. माग परत लावतोय. शेड झाडून घेतलीय. पुढल्या म्हयन्यात माग सुरू, मी वहीफणीला, नात डिझाइनला. हिच्या ह्या कामामुळं घर परत उभं राहिलंय बघा."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचे डोळे ओलावले होते. "कलेनं असं काही होतं हे आम्ही वर्गात सांगतो," त्या म्हणाल्या, "बघायला मिळत नाही." त्यांनी कागदावर गुणांच्या चौकटीपाशी पेन नेलं. मग नियम म्हणून विचारलं, "सिद्धेश्वरी, ही कल्पना तुझीच ना? जोडायला आजोबांना तूच सांगितलंस?"

शंकरप्पानं आता नातीकडं बघितलं. व्हय म्हण, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं. एक शब्द, पोरी. बडोदा एका शब्दावर हाय. इंद्रजीत सर मान किंचित खाली-वर करत होते, तिला दिसावी इतकी.

ती भिंतीकडं बघत होती. त्या रेघांमध्ये, जिथं खांदा होता तिथं.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "अज्जा थाप मारतायत. माग भंगारात गेले, माझ्यासमोर गेले. परत कुणी लावत नाहीये. आणि हे मी कापलं होतं ते कापलेलंच राहायला पाहिजे होतं."